लोणावळ्याच्या रानातले मागणे



इंद्रायणी कोठली, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण देहू-आळंदीची म्हणतील, कारण आपली तिची भेट तेथेच होते. पण ती उगम पावते लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या डोंगरात. तेथून मावळातली भातखाचरे भिजवीत ती खाली येते, भंडारा डोंगर जवळ करते, देहूस तुकोबारायांच्या पायाशी लागते आणि पुढे आळंदीस माउलींकडे जाते. तिच्या काठचा भंडारा आपल्या नित्य चिंतनातला आहे. संसाराची होळी झाल्यावर तुकोबाराय त्या डोंगरावर एकांतात बसले आणि तेथून जे घेऊन उतरले, त्यावर आपण साडेतीनशे वर्षे जगतो आहोत. त्याच नदीच्या उगमाकडच्या रानात, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला, एका बाईने पहाटे देवाजवळ एक मागणे मागितले. सांप्रदायिक मंडळींना ते फारसे ठाऊक नाही. ती बाई ख्रिस्ती होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

नाव वाचून पान उलटू नये, एवढी विनंती आहे. रमाबाईंनी धर्म सोडला, आपल्या रूढींवर कडक शब्दांत टीका केली आणि पुण्यात त्यांच्यावरून मोठे वादळ झाले, हे सगळे खरे आहे. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण देवावर भार घालणे म्हणजे नेमके काय, हा आपला रोजचा प्रश्न आहे. गळ्यात माळ घालताना आपण हेच वचन देतो. हा भार एका माणसाने कसा घातला आणि घातल्यावर काय झाले, हे पाहायचे तर रमाबाईंचे चरित्र वारकऱ्यानेही वाचावे असे आहे. ते वाचण्याचे आणखी एक कारण आहे. ही बाई आपल्याच पेशातल्या घरची. पुराणिकाची लेक.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ शिकत असताना पेशव्यांच्या घरातली स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे मनात धरले. धरले ते केले. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. त्यासाठी लोकांचा रोष पत्करला, पंडितांच्या सभेपुढे जाऊन स्त्रीला विद्येचा अधिकार आहे हे शास्त्राधारे मांडले आणि अखेर सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात घर करून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. रानातल्या त्या आश्रमात यात्रेकरू येत, विद्यार्थी राहत, आणि आल्यागेल्याला अन्न घालता घालता शास्त्रीबोवांची जमीनजुमला, गाठीचा पैसा सर्व संपले. मग कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून मजुराच्या डोक्यावर दिले होते.

पुढची पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब गावोगाव फिरत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचे, ऐकणाऱ्यांनी फूल, फळ, धान्य, पैसा वाहायचा, त्यातून दानधर्म करून उरेल त्यावर गुजराण करायची. आईने रमेला पहाटे उठवून संस्कृत शिकवले. वयात येईपर्यंत भागवताचे १८ हजार श्लोक तिच्या तोंडी होते. आपल्यापैकी ज्यांनी फडावर आयुष्य काढले त्यांना हे जीवन सांगावे लागणार नाही. श्रोता देईल तेव्हा खायचे, न देईल तेव्हा नाम घ्यायचे.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्न मिळेनासे झाले. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. उरलासुरला पैसा त्यांनी देवकृत्यांत आणि ब्राह्मणभोजनांत घातला होता, कारण शास्त्रात असे केल्याने संकट टळते असे सांगितले आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. संकट टळले नाही. भांडी गेली, वस्त्रे गेली, शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली. मरताना त्यांनी रमेचा हात हातात घेतला आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. थोड्याच काळाने आई गेली. आई भुकेने तळमळत असताना रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली आणि दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. जिने हजारो श्लोक सभेपुढे म्हटले तिला भाकर हा एक शब्द उच्चारता आला नाही. पुढे थोरली बहीणही गेली.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. आपल्या तुकोबारायांच्या घरीही दुष्काळच आला होता. १६३० च्या आसपासच्या त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यातून ते भंडाऱ्यावर गेले, सावकारीच्या कागदांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला आणि विठ्ठलाला घट्ट धरले. दोघांच्या आयुष्यात दुष्काळ तोच, उपास तोच. पण तुकोबारायांच्या घरी आठ पिढ्यांची पंढरीची वारी होती. तेथे देव कमरेवर हात ठेवून उभा होता, त्याला दोन शब्द सुनवता येत होते, त्याच्याशी भांडता येत होते. रमाबाईंच्या घरी विद्या मोठी होती, आचार कडक होता, पण देव व्रतांच्या आणि दक्षिणांच्या पलीकडे कोठेतरी होता. व्रते करूनही माणसे मेली तेव्हा व्रतांवरचा विश्वास गेला आणि त्याच्याबरोबर देवाचा पत्ताही हरवला. वडिलांनी ज्याच्या हाती दिले तो देव कोणता, हे शोधायला ती पोर निघाली.

भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघे पायी हिंदुस्थान फिरले. झेलमच्या काठी थंडीने गारठून मरायची वेळ आली तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतले आणि रात्र काढली. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीस हा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. पण मान मिळाला म्हणून पोकळी भरली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेला. चोविसाव्या वर्षी वैधव्य आले. मांडीवर मूल आणि मागेपुढे कोणी नाही.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळीने त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाज निघाला. वैद्यकी शिकून बायकांची सेवा करावी, या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्या अंगचे एक मोठे उणेपण आडवे आले. त्यांना ऐकू कमी येत होते. बहिऱ्या माणसाला वैद्यकीचे शिक्षण घेता येणार नाही, असे ठरले आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तो दरवाजा बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

नवविधा भक्तीतली पहिली पायरी श्रवण. जिचे बालपण पुराणश्रवणात गेले, तिच्या कानांची शक्ती कमी कमी होत गेली. मी पन्नास वर्षे उभे राहून कीर्तन केले. आता गळा साथ देत नाही, गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून बसून चार शब्द लिहितो. आपल्या सेवेचे साधनच देव काढून घेतो तेव्हा माणसाला आतून काय वाटते, हे म्हाताऱ्या कीर्तनकाराला कळते. पहिल्यांदा वाटते की मी आता निरुपयोगी झालो. दुसऱ्यांदा वाटते की इतके दिवस सेवा मी करत होतो की माझा गळा करत होता? हा दुसरा प्रश्न फार औषधी आहे. रमाबाईंना तो फार लवकर, पंचविशीतच पडला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व मिळाले असे मात्र त्यांना वाटले नाही. ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्वच्छ सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असा जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. किती प्रामाणिक बोलणे आहे! आपल्याकडे माळ घातली, एकादशी केली, वारी केली, आणि पांडुरंग मात्र मनात आला नाही, असे कबूल करणारे किती निघतील? वाँटेजच्या मठातील ज्या सिस्टर त्यांना धर्ममातेसमान होत्या, त्यांच्याशीही त्या पत्रांतून तत्त्वावर वाद घालत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या पूर्वजांची संस्कृत का नको, असे विचारत. जन्मभर त्या शाकाहारी राहिल्या. त्यांनी देव बदलला म्हणावे तर म्हणा, पण बुद्धी कोणापुढे गहाण टाकली नाही.

अमेरिकेत व्याख्याने देऊन, हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांना तेथे शिकवायचे, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असा करार होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या, काहींचे मन तिकडे वळू लागले. १८९३ मध्ये वाद पेटला. केसरीने कठोर टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

मी या वादात रमाबाईंची सर्व बाजू घेत नाही. ज्या घरी आसरा घ्यावा लागतो तेथले उघडे दारही निराधार मुलीला नुसते दार राहत नाही, ते बोलावणे होते. भाकर देणाऱ्याने आपले नाव भाकरीबरोबर वाढू नये, असे मला वाटते. भूक भागली की मग हवे तर सांगावे. पण हे बोलताना दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. त्या विधवांना केशवपन करून कोनाड्यात बसवणारे आपणच होतो. शारदा सदनात शिकलेली गोदूबाई १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, हिंदूच राहिली, आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या मोठ्या कार्याला घरातूनच आधार मिळाला. सदनातून गेलेली प्रत्येक मुलगी ख्रिस्ती झाली असे मुळीच नाही. ज्यांनी दार लावून घेण्याचा हट्ट धरला त्यांच्यातल्या कितीजणांनी आपले दार त्या मुलींसाठी उघडले, हा हिशेब त्या काळच्या वर्तमानपत्रांत कमी सापडतो.

आता आपण लोणावळ्यास येऊ. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला आणि लोणावळे हे रेल्वेचे गाव झाले. इंजिनांचे काम, गोऱ्या नोकरांची वस्ती, त्यांच्या प्रार्थनेची मंदिरे, आणि उन्हाळ्यात थंड हवेसाठी येणारी मंडळी. मिशनरी लोक तेथे झाडीत तळ देऊन काही दिवसांचे प्रार्थनेचे मेळावे भरवीत. आपल्या सप्ताहाची आठवण यावी असेच ते असत: प्रवचन, गायन, एकांत. वादळात होरपळलेल्या रमाबाई आपल्या मुलींना घेऊन या मेळाव्यांना येत. १८९६ च्या दुष्काळापूर्वीच्या अशाच एका मेळाव्यात, ज्यांनी ख्रिस्ताला मानले होते अशा १५ मुली त्यांच्याबरोबर होत्या.

एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. मावळातली ती पहाट आपल्याला ठाऊक आहे. धुके दरीतून वर येत असते, करवंदीच्या जाळीत पाखरे जागी होत असतात आणि हळूहळू उजाडू लागते. सूर्य उगवताना त्यांनी पाहिला आणि या १५ मुलींसाठी देवाचे आभार मानले. मग मनात आले की पुढच्या मेळाव्यापर्यंत हा आकडा त्याच आकड्याने गुणावा: पंधरा पाचां पंच्याहत्तर नव्हे, पंधरा पंधरे सव्वादोनशे. आकडा मनात आला आणि बुद्धी लगेच पुढे झाली. सदनात मुळात एवढ्या मुलीच नव्हत्या. शहर विरोधात होते, पालक दचकलेले होते, अमेरिकेतून येणाऱ्या मदतीला मुदत होती, आणि स्वतःचे कान साथ देत नव्हते. मागायचे कोणत्या तोंडाने? तेव्हा यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या ग्रंथातले, देवाला असाध्य काही नाही अशा अर्थाचे वचन त्यांच्या मनात उभे राहिले. त्यांनी मागितले.

आपला सांप्रदायिक श्रोता येथे हसेल. देवाजवळ आकडा मागायचा? आपल्या संतांनी तर संपत्तीही मागितली नाही, मोक्षही मागितला नाही, विसर पडू नये एवढेच मागितले. मलाही प्रथम वाचले तेव्हा ही आकडेमोड खटकली. पण पुढे काय झाले ते पाहावे, म्हणजे मागण्याचा अर्थ उलगडतो.

१८९६ मध्ये पाऊस हुकला. मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी बातमी ऐकली आणि त्यांना बावीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ, रानातला पाला आणि भाकर मागायला न फुटलेला शब्द आठवला. त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्या आणि रस्ते फिरल्या, हाडांचे सापळे झालेल्या आणि वाईट माणसांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली, बालविधवा त्यांनी गोळा केल्या. काही महिन्यांत शेकड्यांनी मुली आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचा कहर होता. एवढ्या मुली शहरात ठेवू देईनात. तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावास जी जमीन फळबागेसाठी घेतली होती, तेथे त्यांनी तंबू आणि झोपड्या उभ्या केल्या. ते मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेकडूनही मुली आणल्या आणि केडगावातली वस्ती दीड हजाराच्या वर गेली.

पाहा, वाचकहो! लोणावळ्याच्या रानात बाईने आकडा मागितला. देवाने तो आकडा दिला, पण तो कसा दिला? भुकेलेली तोंडे करून दिला. ताट वाढून दिले नाही, तर पंगतच पाठवून दिली आणि सांगितले, आता वाढ. सव्वादोनशे मागितले तर रोज पहाटे दीड हजार माणसांचे पीठ दळायची पाळी आली. देवावर भार घालणे म्हणजे आपण मोकळे होणे, असे आपण समजतो. हा समज या कथेने मोडतो. खरोखर ज्याने देवावर भार घातला, त्याच्या खांद्यावर देव दुसऱ्यांचा भार ठेवतो. आपला गेला की दुसऱ्याचा उचलायला खांदा रिकामा होतो. माझ्या मते शरणागतीची खूण हीच. तुकोबाराय भंडाऱ्यावर चढले ते स्वतःचे दुःख घेऊन, आणि उतरले ते सर्व जगाचा कळवळा घेऊन. ज्याचे चढणे उतरण्यात संपत नाही, त्याचा एकांत हा पळून जाणे असतो.

घाटातलाच एक दृष्टांत देतो. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. एवढा चढ गाडीच्या पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिने लागतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ती मागून रेटतात आणि गाडी घाट चढते. डब्यात बसलेल्याला मागचे काही दिसत नाही, तो म्हणतो पुढचे इंजिन केवढे बळकट! पुढच्या इंजिनाला झेपत नाही यात त्याची लाज नाही. लाज असलीच तर ‘मला मागून कोणी नको’ असे म्हणण्यात आहे. आणि आणखी एक पाहा. मागून रेटले म्हणून पुढच्या इंजिनाने ओढायचे थांबवले, तर गाडी चढत नाही. दोन्ही लागते. दृष्टांत एकदेशी असतो, हे खरे. घाट संपला की रेल्वेचे बँकर सुटते, देव सुटत नाही. पण रमाबाईंचे सारे जीवन या दृष्टांतात बसते. कान गेले, पैशाची शाश्वती नव्हती, समाज उलटला. आणि बाई ओढत राहिली, कारण मागून कोण रेटतो आहे याची तिला खात्री होती.

केडगावात नुसती प्रार्थना चालत नव्हती. मुली माग चालवीत, शेती करीत, घाण्यावर तेल काढीत, छापखान्यात खिळे जुळवीत. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होते. आणि म्हातारपणाकडे झुकता झुकता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. कुणब्याच्या बाईलाही कळावे अशी भाषा त्यांना हवी होती. येथे मला माउलींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गीतेचा अर्थ संस्कृताच्या कुलपातून काढून मऱ्हाटीत आणणे हे त्यांचे मोठे काम. संस्कृत पंडिता म्हणून गौरवलेल्या बाईनेही शेवटी मराठीचाच आश्रय केला. केडगावच्या छापखान्यात त्यांच्या मुलींनीच ते छापले.

शेवटही सोपा नव्हता. कान जवळजवळ पूर्ण गेले होते. जिच्या हाती सर्व कारभार सोपवायचा ती एकुलती एक लेक मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून लेकही गेली. रमाबाई नऊ महिनेही राहिल्या नाहीत. मुद्रिते तपासण्याचे काम करीतच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबलचे समग्र भाषांतर त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आता या चरित्राचे आपण करायचे काय? दोन चुका टाळाव्यात. पहिली चूक म्हणजे रमाबाई मुळात आपल्याच होत्या, नुसते नाव बदलले, असे म्हणून त्यांना ओढून घेणे. त्यांनी विचार करून ख्रिस्त स्वीकारला, त्याच्यासाठी सोसले, त्यांच्या निवडीचा मान राखावा. नारायण वामन टिळकांची गोष्ट निराळी. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानत राहिले. रमाबाईंचा पूल अभंगांचा नव्हता, दुष्काळाचा होता. दुसरी चूक म्हणजे त्या परधर्मात गेल्या, आपला काय संबंध, असे म्हणून कवाड लावून घेणे. संबंध आहे. पुराण सांगणाऱ्याचे कुटुंब ऐकणाऱ्यांच्या मुलखात उपाशी मेले, आणि मरताना त्या बापाने लेक देवाच्या हाती दिली. तो हात कोणत्या नावाने पुढे झाला हा वाद करण्यापूर्वी, त्या दिवशी आपल्यातला एकही हात का पुढे झाला नाही, हे विचारावे.

आपल्या परंपरेने याचे उत्तर दिलेच नाही असे नाही. गाडगे महाराजांनी खराटा आणि कीर्तन एकत्र आणले, पंढरपुरात धर्मशाळा उभ्या केल्या, भुकेल्याला अन्न हाच देव असे गावोगाव सांगितले. ते आपलेच. पण गाडगे महाराजांचा जयजयकार करणे आणि त्यांचा खराटा हाती घेणे यात अंतर आहे. दिंडीतली पंगत आपण थाटात वाढतो. वारी संपल्यावर अकरा महिने आपल्या आळीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे किती फडांना ठाऊक असते?

माझ्या वयाच्या वाचकांना शेवटी एवढेच सांगतो. कान, डोळे, गुडघे, गळा एकेक करून जातील. आपण म्हणू, आता देवावर भार. म्हणावे. पण म्हटल्यावर डोळे मिटून बसू नये, दाराकडे पाहावे. देव भार घेतो तेव्हा बहुधा कोणाला तरी दारात उभे करतो. तो येणारा भाकर मागायला आलेला असेल आणि त्याच्याही तोंडून शब्द फुटत नसेल. तो आपणच ओळखायचा असतो.

पावसाळ्यात लोणावळ्याकडे गेलात, तर कुरवंड्याच्या डोंगरातून फुटणारी इंद्रायणी पाहून या. तेथे ती ओहळाएवढी असते. देहूपर्यंत येता येता तिच्यात कितीतरी ओढे मिळतात. ती प्रत्येकाला पोटात घेते आणि वाटेतल्या सगळ्यांची तहान भागवत पुढे जाते.

रामकृष्णहरी.